पिठाचा हात

गेल्या हिवाळ्यात म्युनिकहून एक प्रोफेसर आमच्या खानावळीत व्याख्यान द्यायला आले. विषय होता, महायुद्ध का झालं. त्यांच्यासोबत गुंडाळलेला नकाशा होता, तो दाखवायला छडी होती, आणि घसा ओला ठेवायला त्यांनी मागितलं काय, तर पाणी! पुलाजवळच्या खानावळीत बसून पाणी मागणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तरी एर्लाख आणि मोसरीड या दोन्ही गावांतली माणसं झाडून आली होती. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि आत शेगडी होती, हे त्याचं एक कारण. आणि ज्याच्यापायी जवळजवळ प्रत्येक घरातली एक खुर्ची रिकामी झाली, ते कशामुळे झालं हे कुणी सांगत असेल तर ऐकावं, हे दुसरं.

प्रोफेसर म्हणाले, युद्धाची कारणं वरवर दिसतात त्याहून खोल असतात. एक म्हणजे शस्त्रांची चढाओढ. यावर सगळ्यांनी माना वळवून मोसरीडच्या किलिआन गिरणीवाल्याकडे पाहिलं. मग ते आपापसातल्या करारांकडे वळले. तेव्हा किलिआनने एर्लाखच्या पंक्राझ आजोबांकडे पाहिलं. आधीपासून आखून ठेवलेल्या आणि ऐन वेळी कुणालाच बदलता न आलेल्या योजना, असं ते म्हणाले, तेव्हा पंक्राझ आजोबांनी मिशा बिअरच्या मग्यात बुडवल्या. आणि "सैन्य घुसलं ते एका तटस्थ शेजाऱ्याच्या भूमीतून" हे वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मुळे! मुळे!" सगळं दालन फिदीफिदी हसायला लागलं.

प्रोफेसर बिचारे नकाशात मुळे शोधायला लागले. त्यांना काय माहीत, की युरोपात जे ऑगस्टमध्ये झालं त्याची रंगीत तालीम आम्ही एप्रिलमध्येच उरकली होती. आणि ती तालीम जिने मध्येच बंद पाडली, ती बाई त्या वेळी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात पीठ मळत होती.

मी रेझी. याच खानावळीत वाढपाचं काम करते, लग्नाआधीपासून. मी काही शिकलेली नाही, पण एका हातात बिअरचे किती मगे धरता येतात आणि माणूस कितव्या मग्याला खोटं बोलायला लागतो, हे मला कळतं. तेव्हा बुर्गल मावशीची गोष्ट मीच सांगते.

तिचं खरं नाव वालबुर्गा. मे महिना उजाडायच्या आदल्या दिवशी जन्मली, म्हणून त्या दिवसाच्या संतीणबाईचं नाव चिकटलं. डोंगरातल्या कुठल्याशा वाडीतून ती इथे भांडी घासायला आली आणि खानावळवाल्या अलोइसने तिच्या हातचे गोळे खाऊन तिसऱ्याच दिवशी लग्नाचं विचारलं. हे गोळे म्हणजे दाम्फनूडल. फुगलेल्या पिठाचे मुठीएवढे गोळे, दूध-लोण्यात, घट्ट झाकणाखाली, वाफेवर शिजवायचे. खाली खरपूस पापुद्रा, वर ढगासारखं मऊ. यात एकच कायदा आहे. ते शिजत असताना कुणीही, अगदी बिशप आला तरी, झाकण उघडायचं नाही. उघडलं की गोळे बसतात. बसले की बसले, पुन्हा फुगत नाहीत.

तर अशी ही खानावळ. एर्लाख आणि मोसरीड यांच्यामध्ये ओढा, ओढ्यावर पूल, पुलाला टेकून खानावळ. गंमत अशी की दोन गावांची शीव बरोबर घराच्या मधून जाते. बिअर प्यायचं दालन एर्लाखमध्ये, स्वयंपाकघर मोसरीडमध्ये. अलोइस गेला तेव्हा नेमका दोहोंच्या उंबऱ्यावर कोसळला. त्याला कुठल्या गावात पुरायचा यावर दोन्हीकडचे पाद्री मयतासमोरच वाद घालायला लागले. मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "डोकं जिकडे पडलंय तिकडचा. उचला आता." अलोइस मोसरीडचा झाला. मुलगा कास्पर मात्र दालनाच्या वरच्या खोलीत जन्मला होता, म्हणून तो एर्लाखचा. एकाच घरातले बापलेक दोन गावांत वाटले गेले. आधीची दोन लेकरं तापाने गेलेली. उरला होता तो एकटा कास्पर, आणि तिचा जीव त्याच्यात अडकलेला होता.

कास्पर कसा, तर उंचापुरा, हसरा आणि खादाड. त्याचा जिवलग दोस्त ब्लासी, मोसरीडचा. दोघं पुलाच्या कठड्यावर बसून एकाच ताटातून गोळे खायचे आणि कुणाचा शेवटचा यावर मारामारी करायचे. मावशी पळी घेऊन आली की दोघंही ओढ्यात उड्या टाकायचे.

आता भांडणाचं मूळ. आमच्याकडे मेच्या पहिल्या तारखेला गावोगाव खांब उभा करतात. जंगलातलं सरळसोट झाड आणायचं, सोलायचं, निळं-पांढरं रंगवायचं आणि चौकात उभं करायचं. उभा होईपर्यंत तो खांब चोरायची शेजारच्या गावाला मुभा असते. हे चोरणं पाप नाही, पाद्रीसुद्धा त्याची शिक्षा देत नाही. ज्यांचा खांब गेला त्यांनी चोरांना बिअर पाजायची आणि खांब परत आणायचा. पण चोर वाटेत सापडले आणि गावच्या कुणी खांबावर हात ठेवून "हा इथेच राहील" असं म्हटलं, की खेळ संपला. चोरांनी खांब तिथेच ठेवायचा, कुणी कुणाला बोटही लावायचं नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण करणारा माणूस लग्न झालेला असावा. भांडण कुठे थांबवावं हे त्याला कळत होतं.

माझ्या लहानपणी खांब बेताचे असायचे. मग एका वर्षी मोसरीडचा खांब एर्लाखच्या चर्चच्या टोकावरच्या पत्र्याच्या कोंबड्याहून वीतभर उंच निघाला. झालं! पंक्राझ आजोबांना जेवण जाईना. हे आजोबा १८७०च्या लढाईतले. लढाईत त्यांनी सैन्याची खेचरं सांभाळली, पण सांगताना खेचरं गळायची आणि नुसती लढाई उरायची. पुढच्या वर्षी एर्लाखने हातभर लांब खांब आणला. त्याच्या पुढच्या वर्षी मोसरीडने दोन हात. "आम्हाला काय हौस आहे?" किलिआन गिरणीवाला म्हणायचा. "लांब खांब चोरायला कठीण जातो. आम्ही आपलं संरक्षणापुरतं वाढवतोय." पंक्राझ आजोबाही तेच म्हणायचे, शब्दन् शब्द. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. जवळची उंच झाडं संपली तेव्हा, ज्या दूरच्या जंगलाचं नावही कुणी घेत नव्हतं, त्यावर दोघांनीही हक्क सांगितला.

त्यातच करार झाले. ओढ्याच्या वरच्या अंगाला हास्लाख नावाचं टीचभर गाव आहे. पाचसहा घरं, एक घंटा आणि घंटेपेक्षा जास्त वाजणारी पोरं. किलिआनने त्यांच्या हातावर हात मारला, "तुमच्या अंगावर कुणी आलं, तर ते मोसरीडच्या अंगावर आलं." मग पंक्राझ आजोबांनी टान गावाशी तसंच ठरवलं. ठरवताना सगळे प्यालेले होते. दुसऱ्या दिवशी कुणालाही नेमकं काय ठरलं ते आठवेना, पण मोडायची लाज वाटत होती.

आणि आजोबांनी योजना आखली. घंटा झाली की काही विचारायचं नाही. घोडे जोडायचे, प्रत्येकाने कुऱ्हाडीचा एक दांडा घ्यायचा, "संरक्षणापुरता." पुलावरून गेलं तर गिरणीतून दिसतं, म्हणून खानावळीच्या मागच्या मळ्यातून ओढ्याच्या उतारात शिरायचं आणि मोसरीडला पाठीमागून गाठायचं.

"माझ्या मळ्यातून?" मावशीने विचारलं. "तिथे मुळे लावलेत मी."

"बुर्गल, तू कुणाचीच नाहीस," आजोबा प्रेमाने म्हणाले. "तुझं कुणाशी वैर नाही. म्हणून तर तुझ्या मळ्यातून जायला सोयीचं."

"अहो, वैर नाही म्हणून मुळे तुडवणार?"

"मुळे पुन्हा उगवतात. योजना पुन्हा होत नाही."

१९१४च्या एप्रिलमध्ये, ईस्टरनंतरच्या रविवारी, पहिल्यांदा प्रसाद घेणाऱ्या मुलांसाठी चर्चमध्ये मोठी प्रार्थना होती. त्या दिवशी पाद्रीबाबा एवढं लांबलचक बोलतात की मुलं मोठी होऊन बाहेर येतात. एर्लाखचा खांब पंक्राझ आजोबांच्या गोठ्यात होता आणि राखणीला होता कास्पर. आता एक सांगा, राखणीला बसलेला खादाड मुलगा, आणि वाऱ्यावर येणारा लोण्याचा वास. प्रोफेसरांच्या कारणांत हे कारण नव्हतं, पण माझ्या मते दाम्फनूडल हे पहिलं कारण. कास्पर मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला.

"आई, झाले?"

"झाकणाला हात लावशील तर बोटं तोडीन. तू राखणीला होतास ना?"

"सगळे चर्चमध्ये आहेत. चोरसुद्धा ख्रिस्ती आहेत की."

"हास्लाखची पोरं कधी चर्चला जातात रे?" मी म्हटलं.

कास्परचा चेहरा उतरला. तो पळत गेला. गोठा मोकळा होता आणि ओढ्याच्या वाटेने हास्लाखच्या बैलगाडीच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. तेवढ्यात चर्च सुटलं, आजोबांनी मोकळा गोठा पाहिला आणि घंटा झाली.

"चोर हास्लाखचे आहेत," कास्पर ओरडून सांगत होता. "चाकोऱ्या बघा! मोसरीडचा संबंध नाही!"

"हास्लाखसाठी आपल्याकडे योजना नाही," आजोबा म्हणाले. "योजना मोसरीडची आहे. खांब तू घालवलास ना? मग पहिल्या गाडीत पुढे तूच बसायचं." आणि त्याच्या हातात दांडा दिला.

एर्लाखची घंटा ऐकून मोसरीडने घंटा वाजवली. हास्लाखच्या अंगावर येणं म्हणजे आपल्या अंगावर येणं, हे तेवढं त्यांना नेमकं आठवलं. टानच्या लोकांनीही गाड्या जोडल्या. कशासाठी ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

इकडे आम्ही स्वयंपाकघरात. खिडकीतून पाहते तर काय, खांब आमच्या अंगणात! हास्लाखच्या पोरांना घरी जायचं तर पुलावरूनच वाट. आणि चढाओढीने तो खांब एवढा लांब झाला होता की खानावळीच्या कोपऱ्यावर वळेना. एक टोक पुलावर, दुसरं टोक आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. पोरं पुढे ढकलत, मागे ओढत, घामाघूम झाली होती. मी हसून हसून खाली बसले.

मग मळ्याकडून चाकांचा आवाज आला. पहिली गाडी मुळ्यांतून घुसली. आता खांब समोर दिसत होता, तर उताराकडे जायचं कारण उरलं नव्हतं. पण योजना मळ्यातून जायची होती, म्हणून मागच्या सगळ्या गाड्याही इमानाने मुळे तुडवतच आल्या. पुलापलीकडे मोसरीडच्या गाड्या उभ्या राहिल्या. मध्ये अडकलेला खांब, आणि दोन्हीकडे रविवारचे चांगले कपडे घातलेली, दांडे धरलेली माणसं. एर्लाखच्या पहिल्या गाडीत पुढे कास्पर. मोसरीडच्या पहिल्या गाडीत पुढे ब्लासी.

माझं हसू तिथेच थांबलं. कुणालाही मारायचं नव्हतं, हे मला खिडकीतून दिसत होतं. किलिआन रडकुंडीला आला होता. पंक्राझ आजोबांनी आपला दांडा पाठीमागे धरला होता. पण मागच्या गाड्या पुढच्यांना रेटत होत्या, आणि मागे वळायला म्हणजे सगळ्यांनी एकदम वळायला हवं होतं. आधी वळणारा भित्रा ठरला असता. कास्परने दांडा उचलला. ब्लासीनेही उचलला.

मावशीने झाकणाकडे पाहिलं. गोळे निम्मे शिजले होते.

"रेझी, जाळ कमी कर," ती म्हणाली, "आणि मरण आलं तरी झाकण उघडू नकोस." हात न पुसता ती अंगणात गेली आणि कोपरापर्यंत पिठाने माखलेला हात तिने थाडकन खांबावर ठेवला.

"हा इथेच राहील," ती म्हणाली.

हास्लाखच्या पोरांनी लगेच खांब खाली टाकला. त्यांची त्यातून सुटका झाली होती.

"पण थांब," आजोबा म्हणाले, कारण असं पटकन ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हात गावच्या माणसाचा लागतो. तुझा हात कुठल्या गावचा?"

"पिठाचा," मावशी म्हणाली. "दिसत नाही का तुम्हाला? पहिला दांडा खाली ठेवा. कास्पर, तू आधी."

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. गोळे बसतायत माझे!"

कास्परने दांडा टाकला. त्या आवाजावर समोरून दुसरा पडला, मग तिसरा, आणि मग जळणाच्या ढिगाऱ्यासारखे दांडे पडत गेले. तेवढ्यात ब्लासीने गाडीतून उडी मारली आणि विचारलं, "मावशी, गोळे किती आहेत?"

गोळे बसले होते. मी जाळ फार कमी केला असं तिचं आजही म्हणणं आहे आणि तिने बाहेर वेळ लावला असं माझं. ते चपटे, चिकट गोळे त्या दिवशी दोन्ही गावांनी, हास्लाखने, आणि जेवायला तेवढे वेळेवर पोचलेल्या टानने मिळून खाल्ले. कुणाच्या बिअरचे कुणी द्यायचे यावर मात्र संध्याकाळपर्यंत वाद झाला. नियमाप्रमाणे "इथेच" म्हणजे इथेच, म्हणून मेच्या पहिल्या तारखेला खांब आमच्याच अंगणात उभा राहिला. कास्पर सरसर टोकावर चढला, तिथे बांधलेला सॉसेजचा हार गळ्यात घातला आणि ओरडला, "आई, इथून दोन्ही कोंबडे दिसतात! दोघंही सारखेच बुटके आहेत!" मावशी खाली उभी राहून शिव्या देत होती आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं.

मग उन्हाळा आला. कुठल्याशा दूरच्या शहरात कुणा राजपुत्राला गोळ्या घातल्याची बातमी आली. "तिकडचं तिकडे," किलिआन म्हणाला, आणि आम्ही गवत कापायला गेलो. ऑगस्ट लागता लागता घंटा झाली. दोन्ही गावांच्या एकदम.

पंक्राझ आजोबांनी जुना कोट काढला आणि खानावळीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. भांडण पूर्वेला होतं. सैन्य पश्चिमेला निघालं होतं. आजोबा वाचता वाचता थांबले. दोन दिवसांनी बेल्जियमचं नाव आलं. तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला, खिडकीतून मावशीच्या मळ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा," ते म्हणाले. "ही माझीच योजना."

कास्पर आणि ब्लासी एकाच तुकडीत होते. बाजारगावच्या स्टेशनवरून गाडी सुटणार होती. मावशी पहाटेपासून वाटेसाठी तळणीचं करत होती. गाडी लवकर सुटतेय असा निरोप आला तशी ती होती तशीच घोडागाडीत बसली, मांडीवर टोपली आणि हात पिठाचे. मी तिच्याबरोबर होते, कारण ब्लासी आणि माझं जमलेलं होतं आणि तोवर ते फक्त कास्परला माहीत होतं.

स्टेशनवर बँड होता, पोरांच्या टोप्यांत फुलं होती. डब्यांवर खडूने काहीबाही लिहिलं होतं, पॅरिसला चाललोय, जेवायला थांबू नका. सगळे गात होते. कास्पर दारात उभा होता, टोपलीत तोंड घालून.

"आई, द्राक्षं पिकायच्या आत येतो."

"आपल्याकडे द्राक्षं नाहीत, गाढवा."

"मग बटाटे निघायच्या आत."

शिटी झाली. मावशी एकदम पुढे झाली आणि तिने डब्यावर हात ठेवला. थाडकन. अगदी तसाच.

"हा इथेच राहील," ती म्हणाली.

सगळा फलाट हसला. एर्लाखचे हसले, मोसरीडचे हसले, कास्पर तर एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आई, अगं, हा खांब नाही!" मावशीने हात काढला नाही. शेवटी स्टेशनमास्तर आले. चांगले गृहस्थ होते, आमच्याकडे जेवायला यायचे. टोपी काढून हळूच म्हणाले, "बाई, ही गाडी थांबवली तर मागची अडेल. तिच्यामागे आणखी आहेत. सगळं मिनिटावर बांधलंय. माझ्या हातात काही नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, घड्याळात पाहिलं. गाडी हलली. मावशी चार पावलं डब्याबरोबर चालली आणि मग तिचा हात निसटला. काळपट डब्यावर पाची बोटांचा पांढरा ठसा उमटला होता, तो गाडीबरोबर गेला.

पुढचं ब्लासीने मला सांगितलं, लग्नानंतर, एकदाच. प्रत्येक स्टेशनावर कास्पर लोकांना तो ठसा दाखवायचा. "ही माझी आई. सोडायला आलीय." दुसऱ्या पोरांना त्यावर खडूने लिहू द्यायचा नाही. फ्रान्सच्या सीमेवर, लोरेनमध्ये उतरले तेव्हा पाऊस लागला होता. त्याच महिन्यात एका ओटच्या शेताच्या बांधाशी कास्पर गेला. बटाटे अजून जमिनीत होते. ब्लासी चार वर्षांनी लंगडत परतला आणि पहिल्यांदा घरी नाही, मावशीकडे गेला. ती चुलीपाशी होती. त्याला पाहून तिने झाकण काढलं. गोळे निम्मेच शिजले होते, आणि तसं झाकण काढताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

तर व्याख्यान संपलं. प्रोफेसरांनी नकाशा गुंडाळला आणि विचारलं, कुणाला काही शंका आहे का. कुणाला नव्हती. त्यांनी सांगितलेलं सगळं आम्हाला पटलं होतं, वर्षानुवर्षं आमच्याकडे ते नांदतच होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. मावशी उंबऱ्यावर उभी होती, अलोइस पडला होता तिथेच.

"साहेब," ती म्हणाली, "मी आतून ऐकत होते. चांगलं सांगितलंत. एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"आमच्याकडे खांबावर हात ठेवला की थांबतं. मी गाडीवर ठेवला, ती थांबली नाही. माझ्या एकटीचा होता म्हणून का? सगळ्यांनी ठेवला असता तर?"

दालनात कुणी हसलं नाही. प्रोफेसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझे दोघे गेले, बाई," ते म्हणाले. "तसाच फलाट होता. आणि माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते."

मावशीने मान हलवली. मग एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती कास्परची होती, तिच्यावर आम्ही कुणाला बसू देत नाही.

"बसा इथे," ती म्हणाली. "झाकण आत्ताच काढलंय. गरम आहेत तोवर खा, नाहीतर बसतील."

प्रोफेसर बसले. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला आणि बिअर मागितली. ती मी नाही, मावशीनेच आणून ठेवली. मग्यावर तिची पिठाची बोटं उमटली होती. पिताना त्यांनी ती पुसली नाहीत.